भिंतीवरून उतरल्यावर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच वेळात कुलाब्याला जेमतेम ७३. मुंबईकराला हे आकडे अजून आठवतात. मिठी नदी पात्र सोडून कलिना, कुर्ला, वाकोल्याच्या गल्ल्यांत शिरली. माणसं गेली, म्हशी वाहून गेल्या, गाड्या टपापर्यंत बुडाल्या. मग पंचनामे झाले. पंचनाम्याच्या नमुन्यात फ्रिजला रकाना असतो, गादीला असतो, धान्यालाही असतो. जुन्या कागदांना नसतो.

आणि कागदांच्या बाबतीत सांताक्रूझ हे उपनगर दिसतं त्यापेक्षा बरंच श्रीमंत आहे.

सांताक्रूझ म्हटलं की लोकांना विमानतळ आठवतो, विद्यापीठाचं कलिना संकुल आठवतं, नाहीतर वेधशाळेचा पावसाचा आकडा. पण गेल्या पन्नास वर्षांतल्या मुंबईच्या स्त्री-चळवळीचा नकाशा काढायला बसलं तर बोट पुन्हा पुन्हा याच स्टेशनवर येतं. पश्चिमेला एसएनडीटीचं आवार. लोक त्याला जुहू कॅम्पस म्हणतात, पत्ता मात्र सांताक्रूझचा. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात सुरू केलेलं हे महिला विद्यापीठ. नीरा देसाईंनी १९७४ मध्ये इथेच स्त्रियांवरच्या संशोधनाचा विभाग उभा केला. एप्रिल १९८१ मध्ये एसएनडीटीनं स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली आणि पुढच्याच वर्षी स्त्री-अभ्यासाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तिथून एस. व्ही. रोडच्या दिशेनं आलं की टँक लेन. तिथल्या महापालिका शाळेच्या इमारतीत ‘वाचा’ ही संस्था. सोनल शुक्ल आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९८७ मध्ये तिची सुरुवात केली, ती बायकांसाठीचं वाचनालय म्हणून. पूल ओलांडून पूर्वेला उतरलं की वाकोला. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईला ऐंशीच्या दशकात ज्या दाराची कडी वाजवता येत होती, ते ‘विमेन्स सेंटर’ इथलं. फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी स्वतःच्या संसारातल्या मारहाणीची कहाणी लिहिली, ती याच वर्तुळातून १९८४ मध्ये छापून बाहेर पडली. आणखी पुढे कलिन्यात ‘मजलिस’. फ्लेविया अ‍ॅग्नेस आणि मधुश्री दत्ता या दोघींनी उभी केलेली, एका हातात कायदा आणि दुसऱ्या हातात कला धरणारी संस्था.

रुळाच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. रिक्षावाला फारशी कुरकुर न करता यातल्या एका दारातून दुसऱ्या दारी सोडेल, इतकंच अंतर.

या मंडळींच्या रस्त्यावरच्या कामाची सुरुवात ज्या घटनेतून झाली ती मात्र मुंबईची नव्हे. ती महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाची. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडून दिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्या मुलीच्या नावावरून ‘मथुरा खटला’ म्हणून हे प्रकरण देशभर गाजलं. १९८० मध्ये मुंबईत बलात्काराविरोधी मंच स्थापन झाला, त्याचंच पुढे ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ झालं. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

उघडं पत्र वकिलांनी वाचलं. देसाईगंजची गोष्ट वाकोल्यातल्या चाळीत पोचवायला दुसरं साधन लागलं. नाटक, गाणं आणि पोस्टर.

नाटकाचं नशीब बरं. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून महाराष्ट्रभर फिरलं. त्याची संहिता आहे, ते पाहिलेली माणसं आहेत, त्यातल्या चाली अजून कुणाकुणाच्या ओठांवर आहेत. पोस्टरचं तसं होत नाही. ते भिंतीसाठी जन्माला येतं आणि भिंतीवरच संपतं. चार्टपेपर, पोस्टर कलर, नाहीतर स्क्रीन प्रिंटिंगची लाकडी चौकट आणि मैद्याची खळ. सुबक अक्षर असलेली एखादी शाळामास्तरीण लिहायला बसणार. मजकूर मराठीत, हिंदीत, गुजरातीत, कधी तिन्ही भाषांत. गुंडाळी काखेत मारून लोकलच्या बायकांच्या डब्यातून प्रवास. कुठल्या तरी कॉलेजच्या व्हरांड्यात, वस्तीतल्या समाजमंदिरात, स्टेशनबाहेरच्या कुंपणावर दोरी बांधून दोन तासांचं प्रदर्शन. संध्याकाळी गुंडाळी परत कुणाच्या तरी घरी. फिरतं प्रदर्शन म्हणतात ते हेच. त्याला क्यूरेटर नव्हता, विमा नव्हता, उद्घाटनाची फीतही नव्हती.

समोरची बाजूही भिंतींचाच वापर करत होती. गर्भलिंग तपासणी करून देणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती ऐंशीच्या दशकात मुंबईत राजरोस झळकत होत्या. आशय असा की आज थोडे पैसे घाला, उद्या हुंड्याचे वाचवा. डॉक्टर, वकील, कार्यकर्त्या यांनी एकत्र येऊन १९८५च्या सुमारास त्याविरुद्ध आघाडी उघडली. पोस्टर, मोर्चे, निवेदनं, सभा. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा यायला १९९४ उजाडलं. आता या सगळ्याचा इतिहास लिहिणाऱ्याला कायद्याचं कलम मिळतं, वर्तमानपत्राचं कात्रण मिळतं. पोस्टरही मिळेल एखादं, कडा फाटलेलं. पण ते पोस्टर कल्याणला लागलं की कांदिवलीला, कुणी परवानगी दिली, कुणी फाडलं, वाचणाऱ्या बायका काय म्हणाल्या, छपाईचे पैसे कुणी भरले? हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं. ते पावतीवर असतं.

कागदांची ही दुसरी जात कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. सभेचं इतिवृत्त, हॉलच्या भाड्याची पावती, पोलीस ठाण्याचं परवानगीपत्र, ट्रान्सपोर्टची बिल्टी, प्रेसचं बिल, अभिप्रायाची वही. फिरत्या प्रदर्शनाचं खरं चरित्र या फाइलीत असतं. चित्र सांगतं काय दाखवलं. बिल्टी सांगते कुठे, कसं आणि कुणाच्या खर्चानं.

असल्या कागदांचं मोल काय होऊ शकतं, याचा एक ठळक दाखला अमेरिकेत आहे.

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना ‘चिकानो’ म्हणतात. हा शब्द मुळात हिणवण्याचा. साठच्या दशकात तरुणांनी तोच उचलला आणि छातीवर मिरवला. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली तेव्हा नावातल्या दोन्ही शब्दांमागे हीच ऐट होती, आणि त्यातला एक तर अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरूनच घेतलेला. कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावी सप्टेंबर १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला आणि आठवड्याभरात सेझार चावेझ यांच्या मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. संप पाच वर्षं चालला. या संपानं चळवळीला झेंडा दिला, पथनाट्य दिलं आणि पोस्टर दिलं. एस्टेर एर्नांदेझ या चित्रकर्तीचं १९८२चं एक पोस्टर प्रसिद्ध आहे. बेदाण्याच्या एका नामांकित कंपनीच्या खोक्यावर द्राक्षांची परडी घेतलेली हसरी मुलगी असते. एर्नांदेझनी तिच्या जागी त्याच पेहरावात एक सांगाडा उभा केला. मळ्यांवर मारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांबद्दल याहून जास्त बोलायची गरज उरली नाही. तासगाव-सांगलीकडच्या माणसाला ते पोस्टर भाषेच्या मदतीवाचून कळेल.

संग्रहालयांची दारं मात्र या चित्रकारांना बंद होती. लॉस एंजेलिसच्या मोठ्या कला संग्रहालयानं चिकानोंची कला का दाखवली नाही, तर ते भिंती रंगवतात, कला करत नाहीत, असं तिथल्या एका अधिकाऱ्यानं म्हटल्याची गोष्ट सांगतात. १९७२ मध्ये ‘आस्को’ नावाच्या चौकडीतल्या मुलांनी रात्री जाऊन त्या संग्रहालयाच्याच भिंतीवर रंगाच्या फवाऱ्यानं आपली नावं लिहिली. म्हणजे अख्खं संग्रहालय झालं त्यांचं चित्र, सहीसकट! सकाळी नावं पुसली गेली. पण हॅरी गाम्बोआनं फोटो काढून ठेवला होता. पुसलेल्या भिंतीचा तो एक फोटो आज अमेरिकन कलेच्या इतिहासात शिकवला जातो.

पुढे १९९० च्या सप्टेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या वाइट कलादालनात एक मोठं प्रदर्शन उघडलं. ‘चिकानो आर्ट : रेझिस्टन्स अँड अफर्मेशन’, आद्याक्षरांवरून ‘कारा’. १९६५ ते १९८५ या वीस वर्षांतली चिकानो कला. १९९३ पर्यंत ते लॉस एंजेलिस धरून दहा शहरांत फिरलं : डेन्व्हर, अल्बुकर्की, सॅन फ्रान्सिस्को, फ्रेझ्नो, टूसॉन, वॉशिंग्टन, एल पासो, न्यूयॉर्कचं ब्राँक्स आणि शेवटी सॅन अँटोनियो. काय घ्यायचं, काय वगळायचं हे ठरवायला कलादालनाचे अधिकारी एकटे बसले नाहीत. कलाकार आणि अभ्यासकांच्या समित्या नेमल्या, भांडणं झाली, तडजोडी झाल्या. प्रदर्शन संपल्यावर चित्रं आपापल्या मालकांकडे परत गेली. उरले कागद. ते फेकले गेले नाहीत. त्याच विद्यापीठाच्या चिकानो अभ्यास केंद्राच्या ग्रंथालयात ते खोक्यांत लावून ठेवले आहेत.

पुढे अलिसिया गास्पार दे आल्बा या लेखिकेनं या प्रदर्शनावर आख्खं पुस्तक लिहिलं. ते १९९८ मध्ये आलं. त्यात चित्रांची चिकित्सा आहेच, पण तिनं वाचल्या त्या अभिप्रायाच्या वह्या. कुणी लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयात आपल्या घरासारखं काही दिसलं. कुणी लिहिलं, याला कला म्हणायचं कशाला. प्रेक्षकांच्या या लिखाणातून तिनं दाखवलं की एकाच चित्रासमोर दोन अमेरिका उभ्या होत्या. शिवाय चळवळीच्या आतल्या पुरुषी वर्चस्वावरही तिनं बोट ठेवलं. प्रशंसेच्या स्मरणिकेतून असलं पुस्तक निघत नाही. भांडणाचे कागद जपले म्हणून ते निघालं.

आपल्याकडेही प्रदर्शनाच्या दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही असते, दोरीला बांधलेलं पेन असतं. ‘स्तुत्य उपक्रम’, ‘शुभेच्छा’, ‘मंडप लहान पडला’. वही भरली की आयोजक ती कौतुकानं चाळतात आणि कपाटावर टाकतात. पुढची दिवाळी, पुढची साफसफाई, पुढचा रद्दीवाला.

‘कारा’ उघडलं त्याच वर्षी, १९९० मध्ये, मुंबईत ‘एक्स्प्रेशन’ नावाचा स्त्रीवादी कलामहोत्सव झाला. भारतातला या प्रकारचा पहिलाच. मधुश्री दत्ता त्यामागे होत्या आणि ‘मजलिस’ची जुळणीही त्याच सुमाराची. मोर्च्यातलं पोस्टर आणि रंगमंचावरचं नृत्य, चित्रकार आणि वकील, या सगळ्यांना एका छपराखाली आणण्याची ती खटपट होती. दोन वर्षांनी मुंबई पेटली. दंगलीनंतर दत्तांनी सांताक्रूझच्या शेजारच्या वांद्रे पूर्वेतल्या बेहरामपाड्यावर माहितीपट केला, ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’, १९९३ चा. कॅमेऱ्यात नुसता माहितीपट येत नाही, त्याच्या दसपट न वापरलेलं चित्रण येतं. त्याचं काय करायचं? बहुतेक निर्माते टेप पुसून पुन्हा वापरत, कारण टेप महाग. ‘मजलिस’नं हा न वापरलेला माल साठवण्याजोगा मानला. त्या साठ्याला नाव दिलं ‘गोदाम’. अभिलेखागार या जडजंबाळ शब्दापेक्षा हे नाव शतपटीनं खरं आहे.

२००८ मध्ये ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा खुला डिजिटल संग्रह सुरू झाला. मुंबईतल्या ‘कॅम्प’, ‘मजलिस’, ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ या संस्था, बंगळुरूचा ‘अल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ आणि बर्लिनचा एक गट असे पाच जण त्यात होते. संपादित सिनेमा नव्हे, तर कच्चं चित्रण, त्याखाली कोण बोलतंय, कुठलं ठिकाण, काय चाललंय याच्या तपशीलवार नोंदी. फितीला जोडलेली बिल्टीच म्हणा.

आणि मग ‘प्रोजेक्ट सिनेमा सिटी’. सिनेमा हा मुंबईचा धंदा. पण त्याचा इतिहास नटनट्यांच्या अंगाने लिहिला जातो. ‘मजलिस’नं कमला रहेजा वास्तुकला संस्थेच्या साथीनं तो स्टुडिओच्या भिंती, थिएटरं, सुतार-रंगारी, पोस्टर छापणारे, एक्स्ट्रा, लोकलचे मार्ग अशा बाजूंनी शोधला. २०१० मध्ये त्यातलं काही बर्लिन चित्रपट महोत्सवात मांडलं गेलं. २०१२ मध्ये मुंबईत काळाघोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं आणि तिथून ते या संग्रहालयाच्या दिल्ली आणि बंगळुरूच्या दालनांत गेलं. अतुल दोडियांनी रेल्वे स्टेशनांच्या पाट्यांवर हिंदी सिनेमाचे खलनायक रंगवले होते. रोज सकाळी आठ-सतराच्या गाडीला लोंबकळणाऱ्याला यातला विनोद कळायला कलासमीक्षकाची गरज नाही. जोडीला विसाव्या शतकातल्या मुंबईची सनावळी मांडणारं एक पुस्तक निघालं, २०१३ मध्ये दुसरं जाडजूड.

कलिन्यातल्या एका संस्थेतून निघालेलं काम बर्लिन, मुंबई, दिल्ली, बंगळुरू फिरून पुस्तकात येऊन बसलं, ही मोठीच गोष्ट. पण फरक नोंदवायला हवा. ‘सिनेमा सिटी’ जन्मापासूनच दस्तऐवज जमवणारं प्रदर्शन होतं. त्याला कागद जपण्याचं भान होतं, थोडेफार पैसे होते आणि संग्रहालयाचं छप्परही होतं. काखेतल्या गुंडाळीला यातलं काहीच नव्हतं.

त्या गुंडाळ्यांसाठी धावून आल्या त्या पुन्हा सांताक्रूझशीच नातं असलेल्या बायका. एसएनडीटीत शिकवणाऱ्या नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘अंबई’ या नावानं लिहिणाऱ्या तमिळ लेखिका सी. एस. लक्ष्मी यांच्यासोबत १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हा न्यास स्थापन केला. आवाज आणि चित्रं यांच्या रूपातला स्त्रियांचा इतिहास जमवायचा, हा उद्देश. इंग्रजी आद्याक्षरांतून झालेली ही चिमणी. पुढे तिनं दहिसरला स्वतःचं घरटं बांधलं. मुलाखती, फोटो, जाहिराती, पत्रकं आणि पोस्टरं तिथे जमली. दिल्लीच्या ‘झुबान’ या प्रकाशनसंस्थेनं देशभरातल्या गटांकडून पोस्टरं मागवायला सुरुवात केली तेव्हा माळ्यांवरून, पलंगांखालून, बंद पडलेल्या कचेऱ्यांतून सुमारे दीड हजार पोस्टरं निघाली. २००६ मध्ये त्यांचं ‘पोस्टर विमेन’ हे पुस्तक आणि फिरतं प्रदर्शन झालं. ज्या पोस्टरांनी आयुष्यभर लोकलमधून प्रवास केला, ती आता चौकटीत बसून फिरू लागली.

हे वाचून बरं वाटतं. तरी एक गोष्ट खटकते. चौकटीतल्या पोस्टरखाली पुष्कळदा विषय असतो, गटाचं नाव असतं. काढणारीचं नाव नसतं. काही ठिकाणी हे तत्त्वच होतं. चळवळीचं पोस्टर सगळ्यांचं, सही कशाला करायची? तत्त्व उमदं आहे. पण त्याचा परिणाम असा की पुरुष चित्रकाराची रेघोटीसुद्धा सहीनिशी लिलावात जाते आणि चार्टपेपरवर शेकडो रात्री घालवणारी बाई ‘अज्ञात’ म्हणून नोंदली जाते. तिचं नाव कुठे सापडेल? रंग आणि ब्रश आणल्याच्या खर्चाच्या चिठ्ठीवर. ती चिठ्ठी जपली असेल तर.

मराठी माणसाला कागद जपण्याचं वावडं आहे असं म्हणायची पद्धत आहे, ते तितकंसं खरं नाही. वाण्याच्या पुड्यांत जाणारे मोडी कागद वाचवायला इतिहासाचार्य राजवाडे वणवण फिरले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि असे बावीस झाले. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात बांधून ठेवलेले आहेत. तहनामा, सनद, खर्डा, जमाखर्च : यातला जमाखर्चही आपण इतिहास म्हणूनच वाचतो. पेशव्यांच्या स्वयंपाकघरातल्या तुपाचा हिशेब मोलाचा, मग १९८५ मधल्या खळीचा आणि चार्टपेपरचा का नाही? उलट इथे घाई जास्त आहे. हातकागदावरची काळी शाई तीनशे वर्षं टिकली. चार्टपेपर चाळिशीतच ठिसूळ होतो, पोस्टर कलर उडतो, सेलोटेप पिवळी पडून कागदालाच खाते, झेरॉक्सची अक्षरं प्लास्टिकच्या पिशवीला चिकटतात. वर कसर, वाळवी आणि मुंबईची दमट हवा. आणि सांताक्रूझचा पाऊस.

या चळवळीतल्या पहिल्या फळीच्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. नीरा देसाई २००९ मध्ये गेल्या, सोनल शुक्ल २०२१ मध्ये. मागे राहिलेली घरं पुनर्विकासाला जाताहेत. बिल्डरनं दिलेल्या मुदतीत माळा रिकामा करणाऱ्या सुनेला किंवा भाच्याला वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी सुरळी म्हणजे रद्दीच वाटणार. किलोला मिळून मिळून किती मिळेल?

तेव्हा माळा काढणाऱ्यांना एवढंच सांगणं. सुरळी ओढून सरळ करू नका, दोन दिवस सपाट जागेवर हलक्या वजनाखाली ठेवा. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा : साल, गाव, कुठे लावलं होतं, कुणी काढलं. ठाऊक असलेली बाई हयात असेल तर तिला फोन करून विचारा, आजच. मग दहिसरची ‘स्पॅरो’, टँक लेनची ‘वाचा’, नाहीतर जवळच्या विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र, यांपैकी कुणाला तरी कळवा. आणि त्याच माळ्यावर रबरबँडमध्ये बांधलेला पावत्यांचा गठ्ठा दिसला, दोरीला पेन बांधलेली वही दिसली, तर सुरळीच्याही आधी ते खाली उतरवा.